बेचाळिसाव्या दिवशी

कोल्हापूरजवळच्या शिरोलीत, सांगली फाट्यापासून थोडं आत, खाली औषधांचं दुकान आणि वर दोन खोल्या, असा तो दवाखाना. लसीकरणाचा वार होता. जिन्यात चपलांचा ढीग, बाकड्यावर सहा-सात बाळं, त्यातली निम्मी रडणारी. महामार्गावरच्या ट्रकचे हॉर्न खिडकी लावून घेतली तरी आत येतात. त्यामुळे इथल्या डॉक्टरीणबाई स्टेथोस्कोप कानाला लावला की आधी डोळे मिटतात. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून बघत होतो.

नागावची एक पोरगी आत आली. पहिलं बाळंतपण, माहेरी आलेली, सोबत तिची आई. बाळ दुपट्यात गुंडाळलेलं, डोक्याला टोपडं, कपाळावर काजळाची तीट. सव्वा महिना संपल्यानंतरची मायलेकरांची ही पहिलीच बाहेरची फेरी. सिस्टरनं इंजेक्शन भरून हातात घेतलं होतं. डॉक्टर म्हणाल्या, "थांब जरा. आजी, सगळे कपडे काढा बाळाचे."

मग त्यांनी बाळाला हातही लावला नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे आणि बाळाच्या पोटाकडे आळीपाळीनं बघत त्या पूर्ण एक मिनिट उभ्या राहिल्या. खोलीत सात बाया होत्या, त्यामुळे ते मिनिट बरंच लांबलं. अडुसष्ट श्वास.

"दूध कसं ओढतंय?"

"ओढतंय की," आजी म्हणाली. "जरा ओढतंय, दमतंय, सोडतंय. परत ओढतंय. लई आळशी हाय."

"पिताना घाम येतो?"

"कपाळ नुसतं डबडबतंय. शेगडी हाय न्हवं खोलीत."

पोरगी तोवर गप्प होती. ती हळूच म्हणाली, "शेगडी काढून आठ दिवस झाले, मॅडम."

जानेवारी महिना होता. जन्माचं वजन २ किलो ८००, त्या दिवशी ३ किलोच्या जेमतेम वर. दीड महिन्यात किलोभर वाढायला हवं, तिथं पावशेरच वाढलेलं. डॉक्टरांनी दोन बोटं उजव्या बरगडीखाली सरकवली, यकृत चाचपलं. मग दोन्ही जांघांत बोट ठेवून नाडी शोधली. स्टेथोस्कोप सगळ्यात शेवटी लावला आणि डोळे मिटले.

लस दिली. हृदयाच्या बाळाची लस चुकवू नये, हे त्यांनी आजीला दोनदा सांगितलं. मग बाळाला त्याच दिवशी टू-डी इकोसाठी कोल्हापूरला पाठवलं. हृदयाच्या दोन खालच्या कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं भोक निघालं. डॉक्टरी भाषेत व्हीएसडी.

हे वाचताना वाटेल की त्यात काय, डॉक्टरला एवढं यायलाच हवं. मलाही तसंच वाटलं होतं. पण बाई स्वतःहून म्हणाल्या, "मी एमडी होऊन अकरा वर्षं झाली होती तेव्हा हे एक मिनिट शिकले. पुस्तकात सगळं वाचलेलं होतं. हातात नव्हतं."

हा लेख त्या एका मिनिटाबद्दल आहे. लहान मुलांच्या हृदयाचं ऑपरेशन करणारे सर्जन, त्यांची थिएटरं, त्यांची यशाची आकडेवारी यांवर भरपूर लिहून येतं. त्या थिएटरचा दरवाजा मात्र शिरोलीसारख्या ठिकाणच्या जिन्यावरच्या खोलीत असतो, आणि तो वेळेवर उघडला नाही तर पुढचं सगळं असून नसल्यासारखं होतं.

दर हजार जिवंत जन्मांमागे आठ ते दहा बाळं हृदयात काही ना काही दोष घेऊन येतात. म्हणजे वर्षाला तीनशे नव्या बाळांना लस देणाऱ्या दवाखान्यात अशी दोन-तीन येणार, हे धरूनच चालायचं. त्यातले बरेच दोष साधे असतात, काही भोकं आपोआप बुजतात. उरलेल्यांचं एक वेळापत्रक असतं, आणि ते आईवडिलांच्या पैशाची, रजेची किंवा मुहूर्ताची वाट बघत नाही.

पहिली तारीख तिसऱ्या-चौथ्या दिवसाच्या आसपास. पोटात असताना बाळाची फुफ्फुसं कामाला लागलेली नसतात, म्हणून रक्त फुफ्फुसांना वळसा घालून जावं यासाठी दोन मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडणारी एक छोटी नळी असते. जन्मानंतर एक ते तीन दिवसांत ती आवळत जाऊन बंद होते. निरोगी बाळाला तिची गरजच उरत नाही. पण ज्या बाळाच्या मुख्य रक्तवाहिन्या अदलाबदल झालेल्या असतात, किंवा महाधमनी एका जागी चिमटलेली असते, ते बाळ याच नळीच्या जिवावर गुलाबी दिसत असतं. नॉर्मल बाळंतपणानंतर ४८ तासांनी घरी सोडतात. नळी घरी बंद होते. आपल्याकडे पाचवी पुजतात, त्या रात्री सटवाई कपाळावर लिहून जाते म्हणतात. पहिल्या आठवड्यात धडधाकट दिसणारी बाळं एकाएकी जाण्याचा जो जुना धसका आहे, त्यात धनुर्वाताचा वाटा मोठा होता, पण काही बाळं या नळीचीही असणार. हा माझा आपला तर्क.

दुसरी तारीख बेचाळिसाव्या दिवसाच्या मागेपुढे. जन्मतः फुफ्फुसांच्या रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात, तिथला दाब जास्त असतो. त्यामुळे हृदयाच्या पडद्याला मोठं भोक असलं तरी पहिल्या दिवसांत त्यातून फारसं रक्त पलीकडे जात नाही. मर्मर (ठोक्यांमधला जादा आवाज) नाही, धाप नाही, काहीच नाही. प्रसूतिगृहातला डॉक्टर "बाळ छान आहे" म्हणतो तेव्हा तो खरंच सांगत असतो. पुढच्या काही आठवड्यांत फुफ्फुसांमधला दाब उतरत जातो आणि भोकातून रक्ताचा लोंढा फुफ्फुसांकडे वळतो. बाळाला दूध पिणं म्हणजे डोंगर चढणं होतं. हे सगळं ठळक होतं साधारण दीड महिन्याला. आणि नेमक्या त्याच दिवशी भारतातलं जवळजवळ प्रत्येक बाळ पेंटाव्हॅलंट, रोटाव्हायरस, न्यूमोकॉकलच्या पहिल्या डोसासाठी कुणा ना कुणा डॉक्टर-नर्ससमोर उघडं पडतं. आशाताईंच्या नवजात बाळाच्या गृहभेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी असतात, त्यातली शेवटची हीच. घरच्या रीतीप्रमाणे सव्वा महिनाही तेव्हाच फिटलेला असतो. तीन वेगवेगळ्या व्यवस्थांनी एकमेकींना न विचारता हीच तारीख धरली आहे. त्या दिवशी बाळाची मांडी तेवढी बघून परत पाठवणं हा माझ्या मते गुन्हाच, कायद्याच्या पुस्तकात नसला तरी.

तिसरी तारीख सगळ्यात फसवी. मोठ्या भोकाचं बाळ पहिलं वर्ष सतत आजारी असतं. आठवड्या-पंधरवड्याला खोकला, न्यूमोनिया, जुन्या बायका म्हणतात तसा "डबा". सलाइन, अँटिबायोटिक, घरी, पुन्हा तेच. मग पुढे कधीतरी ते सुधारायला लागतं. धाप कमी, अंग धरतं, आई देवाला नारळ फोडते. आत काय झालेलं असतं? रक्ताच्या सततच्या माऱ्यानं फुफ्फुसांच्या रक्तवाहिन्या जाड, कडक झालेल्या असतात. दाब इतका चढतो की लोंढा थांबतो आणि हळूहळू उलटा वळतो. व्हिक्टर आयझेनमेंगर या डॉक्टरानं १८९७ मध्ये असा एक रुग्ण नोंदवला, म्हणून त्याचं नाव या अवस्थेला आहे. इथं पोचल्यावर भोक बुजवता येत नाही. बुजवलं तर जीव जातो. भारतीय तज्ज्ञांनी २००८ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये कोणत्या दोषाला कधी हात घालायचा याचे संकेत ठरवले. मोठ्या व्हीएसडीला ते तीन ते सहा महिने सांगतात.

"आता बरं आहे त्याचं, परत न्यूमोनिया झाला नाही," असं एखादी आई हसत सांगते तेव्हा पोटात गोळा येतो, असं एका डॉक्टरांनी मला सांगितलं. आई आनंदात, आणि डॉक्टर मनातल्या मनात महिने मोजत असतात.

हे सगळं वेळेत ओळखायला डॉक्टर शिकतात कसे, ते बघायला कोल्हापुरातल्या एका रविवारच्या वर्गाला मी जाऊन बसलो होतो. पंचवीस-तीस बालरोगतज्ज्ञ, काही तालुक्यांचे, काही शिरोली-गोकुळ शिरगाव पट्ट्यातले. शिकवणारे पाहुणे पुण्याचे. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी टिकवायला पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट लागतात. त्यामुळे अशा कार्यक्रमांना काही मंडळी सही करून जेवणापर्यंत टिकतात, हेही सांगून टाकतो. सकाळच्या पहिल्या तासाला दुर्मीळ सिंड्रोमच्या रंगीत स्लाइड झाल्या, त्यात मीच डुलकी काढली.

जागा झालो तो आवाजानं. पाहुण्यांनी दिवे घालवले आणि स्पीकरवर नुसते हृदयाचे ठोके लावले. लब-डब. मग लब-डबच्या मध्ये फुस्स. मग तोच आवाज पुन्हा. आणखी पुन्हा. दहा मिनिटं तेच. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. पाहुणे म्हणाले, "कंटाळा आला ना? अजून चारशे बाकी आहेत."

त्यामागे दोन अभ्यास आहेत. अमेरिकेत १९९७ मध्ये मॅन्जिओन आणि नीमन यांनी प्रशिक्षणातल्या शेकडो डॉक्टरांना हृदयाचे ध्वनी ऐकवले, तेव्हा त्यांना पाचातला जेमतेम एक ओळखता आला. पुढे मायकेल बॅरेट यांनी २००४ मध्ये दाखवलं, की एकेक मर्मर पाचशे वेळा ऐकवला तर कान तयार होतो. व्याख्यानानं तो होत नाही. कोल्हापूरकराला यात नवं काही वाटू नये. मराठीत 'तालीम' हा शब्द आखाड्याला आहे, नाटकाच्या सरावाला आहे आणि शिकण्यालाही आहे. आखाड्यातल्या बैठका कुणी मोजून स्लाइडवर दाखवत नाही. आपल्याकडे 'प्रशिक्षण' हा सरकारी शब्द आला आणि त्याबरोबर बॅनर, दीपप्रज्वलन आणि प्रमाणपत्र आलं, पण बैठका गेल्या.

दुपारच्या तासाला मजा आली. पाहुण्यांनी विचारलं, "मोठ्या भोकाचा आवाज मोठा की लहान भोकाचा?" निम्म्या वर्गानं मोठ्याचा सांगितला. उत्तर उलटं आहे. बारीक भोकातून रक्त जोरात घुसतं, म्हणून गोंगाट करतं. मोठ्या भोकातून ते गुपचूप वाहतं. मागून कुणीतरी म्हणालं, "उथळ पाण्याला खळखळाट फार," आणि हॉलमधल्या कुणाला आता ते विसरता येणार नाही. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर हेच दिसतं, एका फटीतून पाणी उसळतं तेव्हा ते लांबवर ऐकू येतं; बंधारा पूर्ण पाण्याखाली गेला की आवाज नसतो.

सगळ्यात जास्त वेळ कशावर गेला असेल, तर कोणत्या मुलाला पाठवायचं नाही यावर. शाळेत जाणाऱ्या कितीतरी निरोगी मुलांच्या छातीत कधी ना कधी मर्मर ऐकू येतो, तापात तर हमखास. जॉर्ज फ्रेडरिक स्टिल या इंग्रज बालरोगतज्ज्ञानं १९०९ मध्ये त्यातल्या एका निरुपद्रवी मर्मरचं वर्णन केलं, ताणलेली तार छेडल्यासारखा तो असतो. आपण तंबोऱ्याची म्हणू. हा ओळखता आला नाही तर काय होतं? मुलगा इकोसाठी जातो, घरात रडारड होते, रिपोर्ट नॉर्मल येतो, तरी पुढची दहा वर्षं "त्याच्या हार्टला प्रॉब्लेम आहे" म्हणून त्याला कबड्डीत घेत नाहीत. एक आई तर मुलाला जिना चढू देत नव्हती. वर्गात नादासचे निकष शिकवले. बॉस्टनचे डॉ. अलेक्झांडर नादास यांनी बांधलेली ही साधी पट्टी आहे: निळेपणा, हृदय थकल्याची लक्षणं, मोठा मर्मर किंवा ठोक्यांच्या विश्रांतीच्या काळातला मर्मर यांपैकी एक जरी असेल तर पाठवा, हलका मर्मर, दुसऱ्या ठोक्याचा बिघाड, ईसीजी, एक्स-रे, रक्तदाब या दुय्यम गोष्टींपैकी दोन असतील तर पाठवा. एवढी पट्टी हातात असली तर बऱ्याच घरांची झोप वाचते.

हेलन टाउसिग यांची गोष्टही तिथं निघाली. बालहृदयरोग ही शाखाच ज्यांच्यामुळे उभी राहिली, त्या बाल्टिमोरच्या या डॉक्टरांना तिशीतच ऐकू कमी यायला लागलं. त्या बोटांनी हृदय वाचायला शिकल्या, मुलांच्या छातीवर हात ठेवून. निळ्या मुलांच्या फुफ्फुसांना रक्त कसं पोचवता येईल ही कल्पना त्यांची. सर्जन आल्फ्रेड ब्लॅलॉक आणि सहायक व्हिव्हियन थॉमस यांच्या हातांनी २९ नोव्हेंबर १९४४ ला ती पहिल्यांदा प्रत्यक्षात आली. डॉक्टरीणबाईंनी मला हे सांगताना स्वतःची बोटं पुढे केली. "जांघेतली नाडी ऐकता येतच नाही. ती सापडावी लागते. रडणाऱ्या, पाय झाडणाऱ्या बाळाची. हाताला लागते आणि जांघेत लागत नाही, म्हणजे महाधमनी चिमटलेली असू शकते. मी महिनाभर प्रत्येक धडधाकट बाळाची शोधली, तेव्हा कुठे नसलेली कळायला लागली."

शिरोलीच्या माणसाला हे पटवायला फार कष्ट पडत नाहीत. इथल्या फौंड्रींमध्ये जुने कारागीर कास्टिंगवर हातोडीचा एक टोला मारतात. चांगलं असेल तर खणखणतं, आत तडा असेल तर बद्द वाजतं. छातीवर बोटांनी ठोकून बघण्याची पद्धत १७६१ मध्ये लिओपोल्ड आउएनब्रुगर या डॉक्टरानं लिहून काढली. तो खानावळवाल्याचा मुलगा, बाप दारूची पिंपं वाजवून कुठवर भरलीत ते बघायचा म्हणतात. एका फौंड्रीतल्या सुपरवायझरला मी ही गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "मग आमच्या ब्लो होलचा आणि तुमच्या भोकाचा संबंध आहे म्हणा. पण आम्ही रिजेक्ट करून परत वितळवतो. तुमचं तसं नाही." यावर मी गप्प बसलो.

याच फौंड्रींमुळे शिरोलीच्या दवाखान्याची भाषा बदलली आहे. ओडिशा, बिहार, उत्तर प्रदेशातून आलेली माणसं भट्टीवर आणि फेटलिंगला (कास्टिंग घासून साफ करायला) आहेत. त्यांच्या बायका नागाव, टोप, शिरोलीत भाड्याच्या खोल्यांत राहतात. मराठी आई म्हणते "पोट उडतंय". तिकडची म्हणते "पसली चल रही है". दोन्हीचा अर्थ एकच, बरगड्या आत ओढल्या जाताहेत. ज्या डॉक्टरला हा अर्थ ठाऊक नाही तो पोटाचं औषध देईल. नोंदणी असलेल्या कामगाराला ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड असतं (पगाराची मर्यादा २०१७ मध्ये २१,००० रुपये केली), पण कंत्राटदार बदलला की कार्डाचं काय होतं हे त्या बाईला सांगता येत नाही. तिला दवाखान्यात फक्त "कितना लगेगा" विचारता येतं.

अशा मुलांसाठी सरकारची जाळी आहे आणि ती कागदावरची नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. फिरतं पथक, त्यात दोन आयुष डॉक्टर, औषधनिर्माता आणि परिचारिका. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा, जन्मापासून १८ वर्षांपर्यंत. जन्मजात हृदयदोष आणि संधिवाताच्या तापातून होणारा हृदयरोग, दोन्ही त्यांच्या यादीत आहेत. सापडलेल्या मुलांच्या शस्त्रक्रिया या कार्यक्रमातून आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून होतात. नवी मुंबईत खारघरला श्री सत्य साई संजीवनीचं बालहृदय केंद्र तर पैसेच घेत नाही. पण पथक अंगणवाडीत जातं आणि खोली बदलत राहणाऱ्या घरातलं पोर अंगणवाडीत असतंच असं नाही. शिवाय पहिल्या दीड महिन्याचं बाळ अंगणवाडीत कुठलं येणार? म्हणून पुन्हा तो दवाखाना, तो लसीचा दिवस.

कोविडनं एक काम सोपं केलं. ऑक्सिमीटर काय असतं हे आता टोपमधल्या आजीलाही ठाऊक आहे. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये काढलेलं हे तंत्र. २०२० च्या एप्रिलमध्ये, सगळ्या जगाच्या बोटाला ते लागलं तेव्हाच आओयागी गेले. नवजात बाळाला मोठ्यांचा चिमटा चालत नाही, पट्टीसारखा गुंडाळायचा प्रोब लागतो. चोवीस तासांनंतर उजव्या हाताला आणि एका पायाला लावायचं. ९० च्या खाली आकडा आला तर थांबायचं नाही. ९५ च्या वर आणि हातापायांत फरक नसेल तर निश्चिंत. अमेरिकेनं २०११ मध्ये ही चाचणी प्रत्येक बाळासाठी सुचवली. डोळ्यांना निळेपणा दिसायला ऑक्सिजन बराच घसरावा लागतो; सावळ्या कातडीवर आणि रक्त कमी असलेल्या बाळात तर आणखी उशीर. या यंत्रालाही कातडीचा रंग काहीसा मध्ये येतो, पण डोळ्यांपेक्षा कमी. प्रोबची किंमत दवाखान्याच्या बोर्डापेक्षा कमी आहे. तरी अजून कितीतरी प्रसूतिगृहांत तो नाही, याला मी आळस म्हणेन. चिमटलेली महाधमनी मात्र या यंत्राच्या हातून निसटू शकते. तिथं जांघेतलं बोटच.

दुसरं यंत्र इतकं सोपं नाही. इको म्हणजे शेवटी सोनोग्राफीच, आणि सोनोग्राफीचं यंत्र म्हटलं की आपल्याकडे १९९४ चा गर्भलिंगनिदानविरोधी कायदा आला. बालरोगतज्ज्ञानं बाळाच्या उशाशी छोटं यंत्र ठेवायचं म्हटलं तरी नोंदणी, नोंदवही, तपासणी. डॉक्टर यावर चिडतात. चिडणं समजतं, पण कोल्हापुरात बसून मला फार चिडता येत नाही. २००१ च्या जनगणनेत या जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ८३९ मुली होत्या. जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांच्या काळात इथल्या सोनोग्राफी यंत्रांना तपासण्यांची नोंद ठेवणारे 'सायलेंट ऑब्झर्व्हर' बसवले गेले ते उगाच नाही. आणि मुलगी जन्मल्यावरही गोष्ट संपत नाही. दिल्लीच्या एम्समधला २०११ चा अभ्यास आहे: शस्त्रक्रिया सुचवलेल्या मुलग्यांपैकी ७० टक्क्यांचं ऑपरेशन झालं, मुलींपैकी ४४ टक्क्यांचं. छातीवर वण राहील, लग्न कसं होईल, हा प्रश्न तिथंही विचारला गेला आणि इथंही विचारतात. वर्गात हा आकडा पडद्यावर आला तेव्हा पाहुण्यांनी काही भाष्य केलं नाही. मात्र बाई मला नंतर म्हणाल्या, "मुलगी असली की मी बापाला एकट्याला बोलावत नाही. आजोबांना बोलावते. निर्णय तिथं असतो."

ओळखलं, पाठवलं, म्हणजे बालरोगतज्ज्ञाचं काम संपलं असं वाटत असेल तर तीही समजूतच. ऑपरेशनपर्यंत बाळाला टिकवायचं, वाढवायचं असतं. पाणी उतरवणारं औषध, दुधातून जास्तीचे उष्मांक, लसी वेळेवर, मोठ्या मुलांचे दात किडू न देणं, कारण किडक्या दातातून जंतू हृदयापर्यंत पोचतात. निळ्या मुलांचं आणखी वेगळं. फॅलोटचा दोष (निळेपणा आणणारा एक जन्मजात दोष) असलेलं पोर खेळताखेळता उकिडवं बसतं. कुणी शिकवलेलं नसतं, बसल्यानं पायांतला दाब वाढून फुफ्फुसांना रक्त जास्त जातं, एवढं त्याच्या शरीराला कळलेलं असतं. झटका आला, बाळ काळंनिळं पडलं, तर आईनं त्याचे गुडघे छातीशी दुमडून धरायचे. ही एक कृती शिकवायला दोन मिनिटं लागतात. आणि हिमोग्लोबिनचा चकवा: निळ्या मुलाचं रक्त मुळात घट्ट असतं, त्यामुळे १३ चा आकडा बघून "रक्त भरपूर आहे" म्हणायचं नाही, त्या मुलाला लोह कमी पडलेलं असू शकतं आणि झटके त्यानंच वाढतात.

नळीवर जगणाऱ्या नवजात बाळासाठी प्रोस्टाग्लँडिनचं इंजेक्शन लागतं, थेंबथेंब, नळी उघडी ठेवायला. ते फ्रिजमध्ये ठेवावं लागतं, बाळाचा श्वास मध्येच थांबू शकतो म्हणून सोबत जाणकार हात लागतो. शिरोलीहून पुणे सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. रस्ता चांगला आहे, पंचगंगेनं सोडला तर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्याची पातळी ५५ फुटांच्या वर गेली (धोक्याची ४३), शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि वाहतूक कित्येक दिवस बंद राहिली. २०२१ च्या जुलैत पुन्हा. शिरोली आणि कोल्हापूर शहर यांच्यामध्येच ते पाणी होतं. तेव्हापासून बाई मे महिन्यातच ठरवून ठेवतात, की पूल बंद झाला तर नवजात बाळ पुण्याच्या बाजूला काढायचं, शहराकडे नाही, आणि वाटेत ऑक्सिजन कुठं मिळेल. कुठल्याही अभ्यासक्रमात हा धडा नाही.

संधिवाताचा ताप हे वेगळं दुखणं, जन्मानंतरचं. घसा दुखून गेल्यावर काही आठवड्यांनी सांधे सुजतात, एकातून दुसऱ्यात फिरतात, मग बरे होतात, आणि हृदयाच्या झडपांवर वण ठेवून जातात. दाटीवाटीच्या खोल्यांतला हा आजार. त्यावर औषध साधं आणि जुनं: पेनिसिलिनचं लांब टिकणारं इंजेक्शन, दर २१ दिवसांनी, वर्षानुवर्षं. ते भयंकर दुखतं. सांधा बरा झालेलं पोर आणि त्याची आई तिसऱ्या इंजेक्शनानंतर येत नाहीत. बाईंच्या टेबलावर एक साधं कॅलेंडर आहे, महालक्ष्मीच्या चित्राचं, त्यावर अशा पाच मुलांच्या तारखा लाल शाईनं केलेल्या. एक मुलगा छठला घरी बिहारला जातो, तेव्हा त्याच्या हातात चिठ्ठी देतात, तिथल्या डॉक्टरसाठी, हिंदीत.

नागावचं बाळ अडीच महिन्यांच्या डोसाला आलं तेव्हा मी मुद्दाम गेलो होतो. ऑपरेशनची तारीख अजून मिळायची होती, कागद योजनेच्या मंजुरीला गेले होते. वजन ३ किलो ७००. जिन्यात नेहमीची गर्दी. आजी बाकड्यावर बसून शेजारच्या बाईला विचारत होती, तुमचं दूध ओढताना थांबतंय का, कपाळ ओलं होतंय का. ती बाई जरा दचकलीच.

आत गेल्यावर डॉक्टरांनी घड्याळाकडे बघायच्या आधीच आजी म्हणाली, "अठ्ठावन्न हायती. झोपल्यावर मोजलेत, दोनदा."

बाईंनी तरी पुन्हा मोजले. साठ भरले.

"हॉर्नमुळं," आजी म्हणाली. "खिडकी लावा की ती."